तिसऱ्या उदाहरणातलं उणे

सकाळी पाचला उठून मी आधी कूलर बंद करायची, मग पंखा. २०२० चा मे महिना होता, नागपुरात पारा ४५ च्या वर, आणि बंद खोलीत पंख्याशिवाय वीस मिनिटं उभं राहिलं की साडी पाठीला चिकटायची. पण कूलर सुरू ठेवला तर मोबाईलमध्ये माझा आवाज पाण्याखालून आल्यासारखा यायचा. लोखंडी पेटीवर स्टूल, स्टुलावर डाळीचे दोन डबे, वरच्या डब्याला रबरबँडने बांधलेला मोबाईल आणि समोर भिंतीला टेकवलेला पांढरा फळा, एवढंच माझं साहित्य. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या होत्या. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी एकच फोन, तोही दिवसभर बापाच्या खिशात. ठरलेल्या वेळेचा ऑनलाइन तास त्यांना जमेना, म्हणून मी दहावीच्या बीजगणिताचे धडे रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकू लागले. रात्री घरातली मोठी माणसं झोपली की पोट्टे ते बघायचे आणि सकाळी व्हॉट्सॲपवर शंका पाठवायचे.

अडीच वर्षं ते धडे आमच्यातलेच राहिले. बघणारी मुलं ओळखीची, फार तर त्यांची मावसभावंडं. खाली काही लिहिलेलं असलं तर ते ‘मॅडम समजलं’ किंवा ‘मॅडम परत एकदा सांगा’ एवढंच असायचं.

जानेवारी २०२३ मध्ये वर्गसमीकरणाच्या सूत्राचा माझा एक धडा अचानक पसरला. कोणी उचलला, कुठे टाकला, ते मला अजून कळलेलं नाही. बोर्डाची परीक्षा तोंडावर होती, त्यामुळे महाराष्ट्रभरची मुलं तो बघत असावीत. पहिले तीन दिवस मला फार बरं वाटलं. चौथ्या दिवशी एकाने लिहिलं, ‘मॅडम, आधी मराठी शिका, मग गणित शिकवा.’

मी नागपूरच्या नंदनवन भागात राहते. जन्म इथल्याच महाल भागातला, शिक्षण इथलंच, नोकरीही इथल्याच एका अनुदानित मराठी शाळेत. माझ्या तोंडात जी भाषा आहे तीच धड्यातही होती. ‘आता आपण दोन्ही बाजूंना दोनने भागून राहिलो’, ‘हे वजा तिकडे गेलं की अधिक होऊन जाते, काहून? तर...’ असं मी बोलते. वर्गात मुलं ज्या भाषेत विचार करतात त्या भाषेत सांगितलं की गणित लवकर उतरतं, हे मी बावीस वर्षं बघितलं आहे. त्या एका वाक्याखाली पंधरा-वीस लोकांनी हसण्याच्या खुणा टाकल्या, मग सुरूच झालं. ‘भागून राहिलो म्हणे!’ ‘ही गावठी बाई दहावीला शिकवणार?’ भाषा संपल्यावर गाडी शरीरावर आली. ‘फळा दिसत नाही, मॅडम जरा सरका, पूर्ण सरका.’ यानंतरच्या कमेंट मी इथे लिहिणार नाही.

भाषेबद्दलचं बोलणं मला सगळ्यात जास्त का लागलं याचा मी पुष्कळ विचार केला आहे. माझ्या जाडीवर कोणी बोललं तर ते मी लहानपणापासून ऐकत आले. पण माझ्या बोलण्याला हसणारा माणूस माझ्या आईला हसत होता, माझ्या वर्गातल्या सगळ्या मुलांना हसत होता. मराठीतलं सर्वात जुनं गद्य चरित्र तेराव्या शतकात अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला लिहिलं गेलं, आमच्या याच मातीत. हे मला तेव्हाही माहीत होतं. रात्री दीड वाजता मोबाईल हातात धरून बसलेल्या बाईला त्याचा काडीचा उपयोग होत नाही.

आणि मी रात्री दीड वाजेपर्यंत बसत होते. घरचे झोपले की स्वयंपाकघरात जाऊन, ओट्याला टेकून उभ्याने वाचायची. शंभरातल्या नव्वद मुलांनी आभार मानलेले असायचे, त्यांच्यावरून माझी नजर नुसती घसरत जायची आणि त्या दहांवर थांबायची. सकाळी भाजी चिरताना तीच वाक्यं डोक्यात. मुलीने एकदा विचारलं, ‘आई, तू कोणाशी बोलून राहिली?’ तेव्हा कळलं की माझे ओठ हलत होते.

मग मी एक चूक केली. एका रात्री ज्याने सर्वात घाणेरडं लिहिलं होतं, त्याला उत्तर दिलं. लांबलचक. माझं शिक्षण किती, नोकरी किती वर्षांची, माझे किती विद्यार्थी इंजिनीअर झाले, सगळं मांडलं. शेवटी त्याच्या आईबापाचा उद्धार केला. उत्तर पाठवलं तेव्हा छातीत थंड वाटलं, आणि तो थंडावा दहा मिनिटंही टिकला नाही. सकाळी उठून बघते तर माझ्या उत्तराचा फोटो फिरतोय, शेवटच्या तीन ओळी तेवढ्या कापून. वर लिहिलेलं, ‘शिक्षिकेचे संस्कार बघा.’ एका दिवसात जेवढं आलं तेवढं आधीच्या महिन्यात आलं नव्हतं. शाळेत स्टाफरूममध्ये मी आत गेले की बोलणं थांबायचं. एका सरांनी मायेने समजावलं, ‘मॅडम, निंदकाचं घर असावं शेजारी, मनावर घेऊ नका.’ मी त्यांना काही बोलले नाही, पण ते मला पटलं नाही, आजही पटत नाही. शेजाऱ्याच्या घराला दार असतं, दारावर नाव असतं. त्याने काही म्हटलं तर आपण जाऊन विचारू शकतो, आणि उद्या त्यालाही आपल्याकडे विरजण मागायला यायचं असतं.

त्याच दिवशी मी सगळ्या धड्यांखालच्या कमेंट बंद करून टाकल्या. अगदी सगळ्या. घरात शांतता आली आणि मला वाटलं, संपलं.

संपलं नव्हतं. एप्रिलमध्ये माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. ती रडत होती. माझ्या नावाने आणि माझ्या फोटोने कोणीतरी दुसऱ्या एका माध्यमावर खातं उघडलं होतं, आणि त्यावरून माझ्याच विद्यार्थ्यांना घाणेरडे संदेश जात होते. सोबत मला एक निरोपही आला, ‘शाळेच्या गेटवर भेटू.’ त्या दिवशी पहिल्यांदा मी घाबरले. आधीच्या गोष्टींनी दुखावले होते, पण शाळेच्या गेटमधून रोज माझ्यासोबत मुली बाहेर पडतात.

इथे माझ्या मुलीने जे केलं ते मला सुचलं नसतं. मी ते खातं मोबाईलवर बघून लगेच बंद करायला निघाले होते, नजरेसमोर नको म्हणून. तिने हात धरला. ‘आई, काहीच पुसायचं नाही. आधी सगळ्याचे स्क्रीनशॉट.’ प्रत्येक पानाचा पत्ता दिसेल असा, तारीख आणि वेळ दिसेल असा. विद्यार्थ्यांकडूनही त्यांना आलेले संदेश मागवले, त्यांना सांगितलं की तुमच्या फोनमधूनही पुसू नका. मग त्या खात्याची तक्रार त्या कंपनीकडेच, तोतयेगिरी या सदराखाली केली. माहिती तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या नियमांनी अशा कंपन्यांना तक्रार अधिकारी नेमणं बंधनकारक केलं आहे, आणि ज्याच्या नावाने तोतयेगिरी झाली त्याने स्वतः तक्रार केली तर तेव्हाच्या नियमाप्रमाणे चोवीस तासांत कारवाई व्हायला हवी होती. आधी तीन ओळखीच्या लोकांनी ‘रिपोर्ट’ केलं होतं, काही झालं नव्हतं. मी स्वतः ओळखपत्र जोडून तक्रार केली, दुसऱ्या दिवशी दुपारी खातं गेलेलं होतं. तेवढ्यासाठी मी दोन रात्री जागले होते, आणि मार्ग होता तो अर्ध्या तासाचा.

धमकीसाठी पोलिसात गेले. पहिल्या ठाण्यात टेबलामागच्या माणसाने मान वर न करता विचारलं, ‘मॅडम, तुम्ही व्हिडिओ कशाला टाकता?’ मी उठून आले आणि गाडीवर बसल्यावर रडले. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार टाकली. १९३० हा नंबर पैशाच्या फसवणुकीसाठी आहे हेही तेव्हाच कळलं, लोक सरसकट तोच सांगतात. चार दिवसांनी लेखी अर्ज, स्क्रीनशॉटच्या छापील प्रती आणि त्यांची अनुक्रमणिका घेऊन पुन्हा गेले. या वेळी एक महिला अधिकारी भेटल्या. त्यांनी माझी फाईल पानापानाने बघितली आणि टेबलावर तिचे दोन ढीग केले.

डावीकडच्या जाड ढिगावर हात ठेवून त्या म्हणाल्या, ‘ही टवाळी आहे. वाईट आहे, पण यातलं बहुतेक माझ्या हातात नाही.’ आक्षेपार्ह संदेशांसाठी पूर्वी माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६६ अ हे कलम होतं, ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं, कारण कोणतंही न आवडलेलं बोलणं त्यात बसवता यायचं. अब्रुनुकसानीचा दावा लावायचा तर स्वतः कोर्टात जावं लागतं. उजवीकडच्या ढिगात चारच कागद होते. गेटवर भेटण्याची धमकी आणि मुलींना माझ्या नावाने गेलेले तीन संदेश. ‘हे माझं काम,’ त्या म्हणाल्या. तेव्हा भारतीय दंड विधान लागू होतं. नाव लपवून दिलेल्या धमकीसाठी ५०७ आणि स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करण्याच्या हेतूने वापरलेल्या शब्दांसाठी ५०९. (१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात हे अनुक्रमे ३५१ आणि ७९ मध्ये आहे.) तक्रार नोंदली गेली. शाळेच्या गेटवर काही दिवस एक हवालदार सुटीच्या वेळी येऊन उभे राहायचे. ज्याने हे केलं तो सापडल्याचं मला आजवर कोणी कळवलेलं नाही.

पण त्या दोन ढिगांनी माझ्या डोक्यातलं काहीतरी सोडवलं. तीन महिने मी सगळं एकाच गाठोड्यात बांधून डोक्यावर घेऊन फिरत होते. ‘भागून राहिलो म्हणे’ आणि ‘गेटवर भेटू’ या दोन्हींनी माझ्या पोटात सारखाच गोळा येत होता.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात. त्या सुटीत मी गांधीबागेतून एक लांब, लाल पुठ्ठ्याची हिशेबाची वही आणली. कमेंट बंद केल्या की जुन्या दिसेनाशा होतात, पुसल्या जात नाहीत. पुन्हा सुरू केल्या की सगळ्या जागच्या जागी. मी त्या सुरू केल्या आणि त्या व्हिडिओखालची एकेक कमेंट वहीत उतरवायला बसले. मुलीला हे वेडेपणाचं वाटलं. मला हाताने लिहायचंच होतं. ज्या शिव्या रात्री ओट्याला टेकून वाचताना अंगावर यायच्या, त्या दुपारी चार वाजता निळ्या शाईने, अनुक्रमांक देऊन लिहिताना फार किरकोळ निघाल्या. तीच चार विशेषणं फिरून फिरून. शुद्धलेखन सगळ्यांचंच चुकलेलं, तेही मराठी शिका म्हणणाऱ्यांचं.

वहीत मी एकच प्रश्न डोक्यात ठेवून खुणा केल्या. याने जे म्हटलं आहे ते फळ्यावर तपासता येतं का? माझ्या रंगाबद्दलचं, भाषेबद्दलचं, साडीबद्दलचं फळ्यावर तपासता येत नाही, तिथे रेघ मारून पुढे. ‘आवाज कमी येतो’, ‘अक्षर बारीक आहे’, ही तपासता येतात, तिथे बरोबरची खूण. लिहिणाऱ्याचा सूर कसा आहे ते बघायचं नाही, असं मी ठरवलं होतं, आणि ते फार जड गेलं.

एकशे सत्तेचाळीसाव्या क्रमांकावर हे वाक्य आलं: ‘बाईला साधं उणे चिन्ह सांभाळता येत नाही अन् चालली शिकवायला. तिसरं उदाहरण बघा अन् हसा.’ खाली तीन जण हसले होते. तारीख फेब्रुवारीतली, मी सगळं बंद केलं त्याच्या आदल्या दिवशीची. ही मी तेव्हा वाचलेलीही होती. ‘बाईला... येत नाही... हसा’ एवढंच वाचलं होतं.

मी धडा लावला. तिसरं उदाहरण होतं २x² − ७x + ३ = ०. ब ची किंमत −७, म्हणून सूत्रातलं −ब म्हणजे +७. मी तोंडाने बोलतेय ‘वजा सातचं वजा म्हणजे अधिक सात’ आणि त्याच वेळी हाताने फळ्यावर −७ लिहितेय. विवेचक, म्हणजे सूत्रात वर्गमुळाखाली येणारी संख्या, बरोबर काढलाय, ४९ − २४ = २५, वर्गमूळ ५. मग −७ अधिक ५ भागिले ४, −७ वजा ५ भागिले ४. उत्तर −१/२ आणि −३. त्याच्याभोवती मी लाल चौकोन केला आहे, ठसठशीत. खरी मुळं ३ आणि १/२. समीकरणात ३ टाकून बघितलं असतं तर कळलं असतं, १८ − २१ + ३, शून्य. दर वर्षी मी वर्गात ओरडते, ताळा करा, ताळा करा. व्हिडिओत वेळ वाचवायला मी ताळा गाळला होता.

मार्चमध्ये बोर्डाचा पेपर झालेला होता. हजारो मुलांनी तो धडा परीक्षेआधी बघितला होता. त्यातल्या एकाने जरी चिन्ह तसंच ठेवलं असेल, एकाचे जरी दोन-तीन गुण गेले असतील, तर ते माझ्यामुळे गेले. आणि मला वेळेत सांगितलं गेलं होतं. कुत्सितपणे सांगितलं, हसून सांगितलं, पण नेमकं सांगितलं, उदाहरणाच्या क्रमांकासकट. त्याच्याआधी दीडशे जणांनी माझ्या तोंडावर जी राख टाकली होती तिच्यामुळे मला त्याचं ऐकूच आलं नाही. विखारी बोलणाऱ्यांवर माझा सगळ्यात मोठा राग आज याच गोष्टीचा आहे. त्यांनी मला रडवलं ते मी विसरेन. त्यांनी मला बहिरं केलं, आणि त्याची किंमत कुठल्यातरी गावच्या मुलाने मोजली असेल.

त्या रात्री मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे धडा नव्याने रेकॉर्ड केला, तिसरं उदाहरण दोनदा, ताळ्यासकट. जुन्या व्हिडिओच्या वर सूचना लावली की यात चूक आहे, बरोबर उत्तर हे. त्या माणसाच्या कमेंटखाली लिहिलं, ‘तुमचं बरोबर आहे. चूक माझी. दाखवल्याबद्दल आभार.’ त्याने उत्तर दिलं नाही.

पुढची व्यवस्था मुलीने लावली आणि ती आजही चालते. यूट्यूबवर नको असलेल्या शब्दांची यादी देता येते, त्यातला शब्द असलेली कमेंट तपासणीसाठी अडकून राहते. ती यादी करायला ती लॅपटॉप घेऊन बसली आणि म्हणाली, ‘आई, सांग.’ एकोणीस वर्षांच्या लेकीला एकेक शिवी सांगायची आणि तिने ती टाईप करायची, एकदा देवनागरीत, एकदा इंग्रजी अक्षरांत, एकदा मध्ये टिंब घालून, कारण लोक तसंही लिहितात. पहिल्या दोन शब्दांना माझी मान खाली होती. मग ती म्हणाली, ‘आई, मला कॉलेजात रोज यातलं अर्धं ऐकायला मिळते.’ मी तिच्याकडे बघतच राहिले. ती हे कधी बोलली नव्हती. त्या संध्याकाळी यादी बाजूला ठेवून आम्ही खूप वेळ बोललो, ते आमच्या दोघींचं आहे.

जे सतत तेच लिहितात त्यांना ‘चॅनलवरून लपवा’ करता येतं. त्यांना स्वतःची कमेंट दिसत राहते, बाकी कोणाला दिसत नाही, त्यामुळे ते नवीन खातं काढून येत नाहीत. आणि मुख्य म्हणजे आता मी थेट वाचत नाही. मुलगी आठवड्याभराच्या कमेंट वाचते आणि शुक्रवारी संध्याकाळी फळ्यावर तपासता येण्यासारख्या तेवढ्या मला लिहून देते, सूर कसाही असो. शिव्या असलेलं वाक्य असेल तर शिव्या गाळून, मजकूर ठेवून. आधी मला वाटलं हे माझं ओझं तिच्यावर टाकणं झालं. ती म्हणते, दुसऱ्याला दिलेली शिवी वाचायला जड नसते. तरी दर दोन महिन्यांनी मी तिला विचारते, थांबायचं का. अजून तरी ती हो म्हणाली नाही.

त्या वर्षी तान्ह्या पोळ्याला आम्ही दोघी मारबत बघायला गेलो. लहानपणी बाबांच्या खांद्यावरून बघायची, नंतर गर्दीमुळे जाणं सुटलं होतं. वाईटाला गावाबाहेर न्यायचं म्हणून मिरवणुकीने काढलेले मोठे पुतळे, काळी मारबत, पिवळी मारबत, मागून बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे. महागाईवर, पुढाऱ्यांवर, समाजातल्या वाईट गोष्टींवर लिहिलेल्या पाट्या. लोक बेंबीच्या देठापासून ओरडत होते, ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!’ इतवारीच्या त्या गल्लीत धक्के खात उभी असताना मला वाटलं, आपल्या शहराला वर्षातून एकदा राग काढायची सोय दीडेकशे वर्षांपासून आहे. ज्याच्यावर राग आहे त्याचं नाव बडग्याच्या गळ्यात लटकवतात आणि ओरडणाऱ्याचं तोंड भर उन्हात सगळ्यांना दिसतं. संध्याकाळपर्यंत ते सगळं जळून जातं. माझ्या व्हिडिओखालचं काहीच जळत नाही, जानेवारीतलं वाक्य आजही जानेवारीइतकंच ताजं आहे. माझ्याशेजारी एक म्हातारी दोन्ही हात वर करून ओरडत होती. मीही ओरडले. घसा बसेपर्यंत ओरडले.

माझी भाषा मी बदलली नाही. एकदा प्रयत्न केला होता, ‘भागत आहोत, वजा करत आहोत’ असा एक धडा रेकॉर्ड केला. माझ्याच वर्गातल्या एका मुलाने विचारलं, ‘मॅडम, तुमची तब्येत बरी नव्हती का?’ तो धडा काढून टाकला.

गेल्या शुक्रवारच्या चिठ्ठीत तीन ओळी होत्या. भंडाऱ्याच्या मुलीला त्रिकोणी संख्या कळल्या नाहीत. कोणीतरी म्हटलं, फळ्याचा उजवा कोपरा चमकतो. तिसऱ्या ओळीशेजारी मुलीने कंसात लिहिलं होतं, ‘शिव्या गाळल्या, बऱ्याच होत्या’. मजकूर असा: विवेचक ऋण आला तर काय करायचं हे सांगितलंच नाही. खरंच सांगितलं नव्हतं. शनिवारी पहाटे कूलर बंद केला, पंखा बंद केला, चमकणाऱ्या कोपऱ्यासाठी खिडकीचा पडदा ओढला आणि फळ्यावर लिहिलं, x² + x + १ = ०.